मदत हवी आहे: देवस्थानाचा हिशेब बघायला मागितला तर "तुमचा संबंध काय?" म्हणतात

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण मागचं-पुढचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात, मी नोकरीमुळे पुण्यात. गावात ग्रामदैवताचं देऊळ आहे, नोंदणीकृत सार्वजनिक न्यास. चैत्रात यात्रा असते. देवाच्या मागे चांदीची जुनी प्रभावळ होती. डाव्या बाजूच्या मोराची मान चेपलेली. पालखीच्या गडबडीत माझ्या आजोबांच्याच हातून ती खांबाला आपटली होती, म्हणून आमच्या घरात तिला 'आपला मोर' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून नवी प्रभावळ केली. छान आहे, तक्रार नाही. पण जुनीचं काय झालं? "मोडीत घातली, नवीत वापरली." वजन किती भरलं? सराफाची पावती? यावर सगळे एकमेकांकडे बघतात.

दुसरं म्हणजे देवाची तीनेक एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर देवस्थान इनाम वर्ग ३, म्हणजे देवासाठी दिलेली इनाम जमीन, असं स्वच्छ लिहिलंय. ती कोण कसतं हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, खंड किती येतो हे कोणालाच नाही. दानपेटी यात्रेनंतर सभामंडपात जाजमावर उघडतात. पोरं नाणी वेगळी करतात, नोटांचे गठ्ठे होतात आणि शेवटी आकडा कॅलेंडरच्या पानामागे लिहून एकाच्या खिशात जातो. मी स्वतः नाणी मोजलीत, म्हणून सांगतोय.

मी आधी देवस्थानाच्या सचिवांना माहिती अधिकाराचा अर्ज दिला. "हा कायदा आम्हाला लागू नाही" म्हणून त्यांनी तो जागेवरच परत केला. मग धर्मादाय कार्यालयाच्या (जिथे न्यासांची नोंदणी होते) जन माहिती अधिकाऱ्यांकडे जोडपत्र अ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून: परिशिष्ट एकची (न्यासाच्या नोंदवहीच्या उताऱ्याची) प्रत आणि मागच्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. उत्तर एका ओळीत आलं, "सदर माहिती त्रयस्थ पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही." खाली कलम नाही, अपील कोणाकडे करायचं तेही नाही.

माझे प्रश्न:
शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर इथली माहिती लोक माहिती अधिकारात मागतात, मग आमच्या देवळाला तो कायदा का नाही?
त्रयस्थ पक्ष म्हटलं की विषय संपला का?
मी गावात राहत नाही, विश्वस्तही नाही. मला विचारायचा हक्क आहे का?

कोणाला तुरुंगात धाडायचं नाहीये. अध्यक्ष माझे चुलत चुलते लागतात. आई तर म्हणते, "तू पुण्याला निघून जाशील, पाण्याला मला जायचंय त्याच वाटेनं."

---

जुना कारकून:
सचिव म्हणाले ते अर्धं खरं आहे. शिर्डीसाठी २००४ चा, सिद्धिविनायकासाठी १९८० चा, पंढरपूरसाठी १९७३ चा असे विधिमंडळाने केलेले स्वतंत्र कायदे आहेत, म्हणून ती सार्वजनिक प्राधिकरणं, म्हणजे माहिती अधिकार लागू असलेल्या संस्था, ठरतात. तुमचं देऊळ महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नुसतं नोंदलेलं आहे. सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालत नसेल, तर त्याच्याकडे थेट माहिती अधिकार चालत नाही.

पण धर्मादाय कार्यालय हे सरकारी कार्यालय आहे आणि तिथे दाखल झालेला कागद त्यांचा आहे. माहिती अधिकाराच्या कलम २(फ) मध्ये, दुसऱ्या कायद्याने एखादं प्राधिकरण खाजगी संस्थेकडून जी माहिती मागवू शकतं, तीही 'माहिती'त येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात हेच सांगितलं: संस्था स्वतः प्राधिकरण नाही, पण सहकार निबंधकाला कायद्याने जे मिळवता येतं ते त्याच्यामार्फत मागता येतं. तो निकाल सहकारी संस्थांबद्दल आहे, तर्क इथेही मांडता येतो.

'त्रयस्थ पक्ष' हे नकाराचं कारणच नाही. कलम ११ ही फक्त पद्धत आहे: पाच दिवसांत त्या पक्षाला नोटीस, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस, मग निर्णय अधिकाऱ्याने घ्यायचा. नाकारायचं तर कलम ८ किंवा ९ मधलं नेमकं कारण लिहावं लागतं, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत, हेही. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा, जोडपत्र ब, वीस रुपयांचं स्टँप. तारीख चुकवू नका.

मोडी-वाचक:
माहिती अधिकाराच्या नादाला लागण्याआधी साधा नक्कल अर्ज का नाही केला? परिशिष्ट एक हा सार्वजनिक नोंदवहीचा उतारा आहे. देवळाची जन्मपत्रिकाच म्हणा: विश्वस्त, स्थावर, जंगम, सगळं त्यात असतं. आमच्या देवीच्या उताऱ्यात तर समया आणि घंटासुद्धा नगावर लिहिल्यात. तुमची प्रभावळ त्यात असेल तर बदल झाल्यावर ९० दिवसांत विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली बदल अर्ज द्यायला हवा होता. तो दिलाय का, एवढं आधी बघा. माझ्या मते मोराचं उत्तर तिथेच आहे.

जमिनीचं: शेतजमीन दहा वर्षांहून जास्त मुदतीने पट्ट्याने द्यायची तर त्याच कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. फेरफार काढून ठेवा.

आणि हक्काचं म्हणाल तर त्याच कायद्याचं कलम २(१०) वाचा. देवळाच्या बाबतीत, जो पूजेला जाण्याचा हक्कदार आहे किंवा नेहमी जातो, तो 'हितसंबंध असलेली व्यक्ती'. पुण्यात राहता म्हणून देव परका होत नाही.

वाडीचा पंच:
मी स्वतः एका देवळाचा विश्वस्त आहे, म्हणून जरा कडू बोलतो. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं, हे आम्हाला दहा वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं. सीएची फी द्यायची म्हटलं की गाव म्हणतं, त्या पैशात महाप्रसाद होईल. कॅलेंडरच्या पानामागचा आकडा म्हणजे चोरीच असं धरू नका. आधी चुलत्यांकडे एकटे जा. सोबत वकील नको, हातात मोबाइलही नको. "तात्या, नोंद करून टाकू, मी लागेल ती धावपळ करतो" म्हणा. नाहीच ऐकलं तर विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांना निर्देश मागण्याचा रस्ता आहेच.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. पंच, तुमचं बोलणं लागलं, पण पटलं. अपील तरी करतोच, मुदतीचे अकराच दिवस उरलेत. एक शंका: नक्कल अर्जावर न्यासाचा नोंदणी क्रमांक लागतो ना? सचिवांना विचारायची सोय नाही.

मोडी-वाचक:
वर्गणीची पावती बघा. हिंदू देवळांचा क्रमांक 'ए' ने सुरू होतो, पुढे आकडा आणि जिल्हा. काही पावत्यांवर 'अ' छापतात.

धागाकर्ता:
आईला फोन केला. आजोबांच्या पोथीत खूण म्हणून घातलेली १९८७ ची पावती निघाली. क्रमांक आहे. खाली शाईने लिहिलंय, 'प्रभावळ दुरुस्तीकामी रु. ५१'. मोराची मान तेव्हा सरळ करायची होती म्हणे, राहूनच गेली. सोमवारी रजा टाकलीय.