वीस टक्क्यांतलं घर: पैसे कोणाचे, आणि किती वर्षांसाठी?

वीस_टक्केवाली
सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून भांडण पेटलंय म्हणून इथे विषय काढते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१३ पासून आपल्याकडे महाराष्ट्रात नियम आहे की दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर स्कीम केली की २० टक्के घरं कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठेवायची, आणि ती कोणाला मिळणार ते म्हाडाच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, लॉटरीत ठरतं. मला पुण्यात असंच लागलं, चौथ्यांदा फॉर्म भरला तेव्हा. नवरा कुरियरमध्ये, मी शाळेत मदतनीस, बाणेरला आम्हाला खोली भाड्याने परवडत नव्हती, घर तर सोडाच. आता एका काकांनी ग्रुपवर लिहिलं, "तुमच्या घराचे पैसे आम्ही भरलेत." खरंच का हो? माझं म्हणणं आधीच सांगते, शेतीची जमीन रहिवासी झोनमध्ये आली, एफएसआय मिळाला (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल ती परवानगी), रस्ता झाला, पाणी आलं, हे सगळं शहराने केलं आणि जमिनीचा भाव चढला, मग त्यातला थोडा वाटा शहराने परत मागितला तर उपकार कसले?

साइटवरचा_पाटील
ताई, राग मानू नका पण काका अगदीच चूक नाहीत. ही घरं बिल्डरला बांधकाम खर्चाच्या हिशोबाने द्यावी लागतात, जमिनीचा भाव त्यात लागत नाही, मग ती तूट उरलेल्या ८० टक्क्यांतूनच भरून निघणार ना. आणि नियमाचा परिणाम बघायचाय तर मंजूर लेआउट बघा. मी अशा साइटवर काम केलंय जिथे सलग जमिनीचे ३९-३९ गुंठ्यांचे (गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर) तुकडे पाडले, एक स्वतःच्या नावावर, एक भावाच्या, एक मेव्हण्याच्या, मध्ये पत्र्याचं कंपाउंड, आणि सिमेंटचा ट्रक मात्र तिन्हीकडे एकाच गेटने जायचा. का, तर ४,००० चौरस मीटरच्या खाली राहायचं, म्हणजे वीस टक्के द्यायला नकोत. नाशकात २०२२ ला याच तुकड्यांवरून विधिमंडळात गदारोळ झाला होता. त्यापेक्षा झोन मोकळे करा, एफएसआय वाढवा, भरपूर घरं झाली की भाव आपोआप उतरतील.

वीस_टक्केवाली
वीज चोरतात म्हणून मीटर काढून टाकायचे का? मग तर मर्यादा खाली आणा, दहा गुंठ्यांनाही थोडा वाटा लावा, बघू किती मेव्हणे निघतात.

गिरणगावचा_नातू
"आपोआप" हा शब्द वाचला की माझं डोकं फिरतं. मुंबईत गिरण्यांची ६०० एकरांच्या आसपास जमीन होती. १९९१ च्या नियमात काय होतं, तर गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ ला दुरुस्ती आली की वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीची, शेड उभी होती ती जागा हिशोबात नाही. गिरणी म्हणजे सगळी शेडच की! २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते कायम ठेवलं. तिथे एफएसआय वापरला गेला, टॉवर झाले, भाव उतरले का? माझे आजोबा साचेखात्यात होते, आमचा फॉर्म अजून लॉटरीच्या यादीत आहे. नियम असून भागत नाही, त्यातली ओळ कोण बदलतं त्यावर लक्ष लागतं.

साइटवरचा_पाटील
गिरणी आणि बाणेर एका मापाने मोजू नका. लोअर परळला जे बांधलं ते श्रीमंतांसाठीच बांधलं, तिथे छोटी घरं कोणी बांधलीच नाहीत.

गिरणगावचा_नातू
तेच तर म्हणतोय, सक्ती नसली की कोणी बांधत नाही 🙂

धायरीकर
तुमचं चालू द्या. आमच्या वडिलांनी दीड गुंठा घेतला, नोटरीवर, वर पत्रा आणि मग दर दोन वर्षांनी एक खोली. रस्ता इतका अरुंद की ॲम्ब्युलन्स वळत नाही, आईला खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावं लागलं. पुण्यातली परवडणारी घरं लॉटरीत नाही, गुंठेवारीत, म्हणजे अशा मंजुरीशिवाय विकलेल्या गुंठ्या-गुंठ्याच्या तुकड्यांवर आहेत, आणि ती कुठल्याच प्लॅनमध्ये नव्हती. प्लॅन यायला वीस वर्षं लागतात हो, लोक तोपर्यंत काय फुटपाथवर झोपणार? आधी वेळेत छोटे प्लॉट पाडून विका, मग टक्केवारीवर भांडा.

पोटोमॅककाठी
मी मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटीत राहते, इथे हाच प्रकार १९७४ पासून आहे, मोठ्या स्कीममध्ये साधारण १२ ते १५ टक्के घरं स्वस्तात, बदल्यात बिल्डरला जास्त घरं बांधायची परवानगी. आमच्याच गल्लीत अशी चार आहेत, बाहेरून ओळखू येत नाहीत. पण चूक काय झाली ते ऐका. सुरुवातीला किमतीवर नियंत्रण फक्त पाच वर्षं होतं. पाच वर्षं झाली की लोकांनी बाजारभावाने विकली, आणि घर उभं असून स्वस्त घर गेलं. नंतर मुदत वाढवत वाढवत विक्रीच्या घरांना तीस वर्षं केली. म्हाडाचा लॉक-इन, म्हणजे घर विकता येत नाही तो काळ, किती वर्षांचा आहे?

साइटवरचा_पाटील
पाच. घ्या! म्हणजे ८० टक्केवाल्यांनी भरायचं आणि सहाव्या वर्षी नफा एका नशीबवानाच्या खिशात. याला मी शहराचा वाटा म्हणणार नाही. तेवढीच घरं पालिकेने स्वतःकडे ठेवून भाड्याने द्यावीत, मग मी पण तुमच्या बाजूने.

धायरीकर
पालिका घरमालक? आमच्याकडे गटाराचं झाकण बसवायला आठ महिने लागले.

वीस_टक्केवाली
पाटील, यावर मात्र मी गप्प झाले. आमची पाच वर्षं येत्या मार्चमध्ये संपतात. एजंटचे फोन दिवाळीपासूनच सुरू झालेत, एकाने सांगितलेला आकडा ऐकून नवरा जेवता जेवता थांबला. विंग आमची वेगळी, गेट कचऱ्याच्या खोलीकडून, पण मेंटेनन्स सगळ्या सोसायटीचा, आणि तो दर एप्रिलला वाढतो. तिकडे पोरीची शाळा इथून चालत सात मिनिटं. विकणार नाही असं इथे छातीठोक लिहायला बसले होते, तीनदा खोडलं.