फायनल कलेक्शन लाँजरीचं करून राहिली, खादी चालेल का?

इतवारीची_पोर: नमस्कार सगळ्यांना, मी नागपूरला फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, कलेक्शन लाँजरीचं घेतलं, सहा पीस, आणि सगळं सस्टेनेबल कापडात करायचं ठरवलं. घरी थोडं अवघड झालं, आई म्हणे ब्लाउज कर ना मग, पण मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत सिंथेटिक ब्रा घालून दिवसभर फिरल्यावर पट्ट्यांखाली जे पुरळ येते ते सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणून मला हेच करायचं आहे. आता वर्ध्याची खादी आणली तर ती ताणतच नाही, आणि दुकानात बांबूचं कापड "एकदम नॅचरल" म्हणून दाखवून राहिले. काय घेऊ?

मापात_राहा: बांबूच्या नावावर जाऊ नको बाई. बाजारातलं बहुतेक बांबू कापड म्हणजे व्हिस्कोस, लगदा रसायनात विरघळवून काढलेला धागा, आणि तो लगदा विरघळवायला कार्बन डायसल्फाइड लागतो आणि तो कारखान्यातल्या माणसांना फार वाईट. तसं मऊ कापड हवं तर लायोसेल बघ, तेही लाकडाच्या लगद्याचंच, पण त्यातलं विरघळवायचं रसायन जवळपास सगळं परत वापरतात. आणि ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० चं लेबल दिसलं म्हणून ऑरगॅनिक समजू नको, ते फक्त घातक रसायनं तपासतात. ऑरगॅनिकसाठी गॉट्स (GOTS) हे ऑरगॅनिक कापडाचं प्रमाणपत्र बघ, "ऑरगॅनिक" लिहायला त्यात किमान ९५ टक्के ऑरगॅनिक धागा लागतो.

खादीचं म्हणशील तर उरेब काप. मागावरचं कापडही तिरप्या धाग्यावर कापलं की बऱ्यापैकी ताण देते, आधीच्या बायकांच्या चोळ्या काय ताणणाऱ्या स्पँडेक्सच्या होत्या का. कापड जास्त लागते आणि तुकडे उरतात, त्यांच्या कडेला लावायच्या पायपिन कर. कापायच्या आधी दोनदा धू, खादी आटते, नाहीतर सगळी मापं गेली समज. निकरला मात्र होजिअरीच घे, सुई गोल टोकाची, बॉलपॉइंट, नाहीतर बारीक भोकं पडतात.

इतवारीची_पोर: उरेबचं डोक्यातच नव्हतं आलं ताई! आणि रंग? मी हळद आणि पळसाची फुलं धरली होती.

कपाशीवाला_दादा: हळद नको. साबण लागला की लाल होते, आणि हा कपडा तर रोज साबणात जाणार, वर घाम. डाळिंबाची साल नाहीतर हिरडा घे, तुरटी लावून, दोन्हीत टॅनिन असते म्हणून सुतावर चांगलं बसते. पळस सुंदर दिसतो पण उन्हात उडतो. पण माझं ऐकशील तर रंगवूच नको, आपल्याच वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं वैदेही-९५ नावाचा तपकिरी कापूस काढला आहे, बोंडातूनच रंगीत येतो. त्याचं सूत किंवा कापड कुठं मिळेल ते तिथंच जाऊन विचार. अंगाला चिकटून राहणाऱ्या कपड्यात रंग नाही आणि रंग पक्का करणारं तुरटीसारखं मॉर्डंटही नाही, यापेक्षा चांगलं काय?

मापात_राहा: अजून एक, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटते. मी बावीस वर्षं शिवून राहिली, आतला कपडा कापडानं मरत नाही, इलॅस्टिकनं मरते. कापड चांगलं असते आणि कंबर ढिली झाली म्हणून फेकतो. तू इलॅस्टिक थेट शिवू नको, परकराला असतो तसा नेफा कर, आतून बोटभर उघडं ठेव, ढिलं झालं की पाच मिनिटांत बदलता येते. पट्ट्याही हुकवर अडकवलेल्या ठेव. असं केलं तर कापड शंभर टक्के सूत राहते, आणि जुनं कापड रिसायकल करताना सूत-स्पँडेक्स वेगळं करायची भानगड उरत नाही.

इतवारीची_पोर: नेफा!! आजीच्या परकरातून नाडी ओवायला मी सेफ्टी पिन घेऊन बसायची. उद्याच कोऱ्या मांजरपाटावर एक नमुना शिवून पाहते. नेफा कंबरेला जाड नाही लागणार ना, वरून कुर्ता घातला तर दिसेल?

मापात_राहा: मलमल घे नेफ्याला, इलॅस्टिक अर्ध्या इंचाचं. आणि शिवण बाहेरच्या बाजूला घे, आत नको, रुतते.