मॉडेल रेल्वे: ऑनलाइन ग्रुपांनी छंद वाढवला की बिघडवला?

बार्शी_लाइट (धागाकर्ता)

मॉडेल रेल्वे करणारा एक जुना मित्र परवा म्हणाला, "सगळे ग्रुप सोडले तेव्हा कुठे पुन्हा लेआउटवर, म्हणजे टेबलावरच्या रुळांच्या मांडणीवर, बसायला लागलो. या ऑनलाइन गर्दीने छंदातली मजाच घालवली." मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

अमेरिकन किंवा जर्मन गाड्या करायच्या असतील तर पैसे मोजा, खोकं उघडा, इंजिन रुळावर ठेवा. आपल्याकडची एखादी छोटी लाइन करायची म्हटली की दुकानात काही मिळत नाही आणि मग माणसंच लागतात. मी बार्शी लाइट रेल्वे करतोय, एचओमध्ये, म्हणजे १:८७. बार्शीचा गेज, म्हणजे रुळाच्या दोन पट्ट्यांतलं अंतर, ७६२ मिमी. ८७ ने भागलं की ८.७६ येतात. एन स्केलचा (१:१६०) तयार रूळ ९ मिमीचा. पाव मिलिमीटरचा फरक, डोळ्याला कळणारसुद्धा नाही. म्हणजे खाली एन स्केलच्या इंजिनाची चेसी (चाकं-मोटरचा सांगाडा) आणि वर एचओच्या मापाची थ्री-डी प्रिंट केलेली बॉडी. हा हिशोब कोणीही करेल. पण बॉडी कशावरून काढायची?

बार्शी लाइट उभी करणारा एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याच्याच विचाराने पुढे इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन झाली, तोच ७६२ चा गेज, १९०४ मध्ये सुरू. बार्शीची ०-८-४ चाकांच्या मांडणीची टँक इंजिनं आणि तिकडची २-६-४ ची, दोन्ही लीड्सच्या किटसन कंपनीची. ती इंग्लिश लाइन १९३४ मध्ये बंद पडली, पण तिची मॉडेलं करणारे आजही आहेत आणि त्यांनी नळकांड्यापासून कॅबच्या खिडक्यांपर्यंत सगळं मोजून ठेवलंय. त्यातल्या एकाने दोन्ही इंजिनांत काय सारखं आणि काय वेगळं ते रेखाचित्रावर लाल खुणा करून पाठवलं. इकडे कुर्डुवाडी वर्कशॉपात वडील फिटर असलेल्या एकाने घरातले जुने फोटो स्कॅन करून दिले. मी एकटा बसलो असतो तर आजही पुठ्ठाच कापत बसलो असतो.

असहमत असाल तर जरूर लिहा. फक्त "मोबाइलने सगळंच बिघडलं" छापाचं नको.

खडीवाला

असहमत.

तुम्हाला दोन भली माणसं भेटली, चांगलं झालं. पण एरवी काय चालतं ते सांगतो. एका शाळकरी मुलाने ग्रुपात आपल्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचा फोटो टाकला होता. बॉडी पुठ्ठ्याची, हाताने रंगवलेली, खाली अमेरिकन अल्को कंपनीच्या इंजिनाच्या मॉडेलची जुनी चेसी. डब्ल्यूडीएम-२ मूळचं अल्कोचंच डिझाइन, तेव्हा पोराची निवडही अचूक. पहिला प्रतिसाद आला, "गेज चुकलाय." कारण आपला ब्रॉडगेज १६७६ मिमी, एचओत तो १९.२६ व्हायला हवा आणि बाजारातला एचओ रूळ १६.५ चा. गणित बरोबर आहे हो! पण १९.२६ चा रूळ त्या पोराने आणायचा कुठून? स्लीपर स्वतः कापायचे, रूळ स्वतः ठोकायचे, सांधे स्वतः घडवायचे, प्रत्येक ॲक्सल बदलायचा. दुसऱ्याने विचारलं, रिव्हेटांच्या ओळी कुठायत? तिसऱ्याला निळ्याची शेड खटकली. पोराने पोस्ट काढून टाकली, पुन्हा काही दिसला नाही.

शिवाय आता लेआउट फोटोसाठी बनतात. एक कोपरा असा की बघत राहावं. पूर्ण फेरी मारायला सांगा, गाडी पहिल्याच सांध्यावर घसरते.

कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ मध्ये उघडलं. तेव्हा कुठले ग्रुप आणि कुठले लाइक?

सांधेवाला_मिरज

खडीवाले, त्या पोराचं वाईट वाटलं. पण पूर्वी जो तो एकटा आपल्या खोलीत सुखी होता, हे काही खरं नाही. अमेरिकेत १९३५ मध्ये मिलवॉकीला नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन निघाली ती कशासाठी? एका कंपनीचं चाक दुसरीच्या सांध्यात अडकायचं, कपलर एकमेकांत बसायचे नाहीत. छांदिष्टांनी एकत्र येऊन मापं ठरवली आणि कंपन्यांना ती पाळावी लागली.

डीसीसीचं, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलचंही तेच. साध्या डीसीत रुळातला व्होल्टेज वाढवला की गाडी जोरात, प्लस-मायनस उलटं केलं की मागे. एकाच रुळावर दोन इंजिनं असली की दोन्ही पळणार. डीसीसीत रुळात पूर्ण वीज कायम असते आणि तिच्यातूनच आज्ञा जातात, इंजिनातला डीकोडर आपल्या नंबरची आज्ञा तेवढी ऐकतो. मूळ काम जर्मनीतल्या लेन्झ कंपनीचं, पण १९९० च्या दशकात याच असोसिएशनने त्याचं खुलं मानक केलं.

माझ्या टेबलावर भोर घाट आहे. १:३७ चा चढ, कर्जतला मागे बँकर (ढकलणारी जादा इंजिनं) लागतात, वर पोचल्यावर सुटतात. पुढचं इंजिन आणि मागचे बँकर वेगवेगळे हाकता आल्याशिवाय हा खेळ होतच नाही. बँकरांचा वेग पुढच्याशी जुळवायचा कसा, मधले डबे वळणावर का उसळतात, हे मी परदेशातल्या घाटवाल्यांकडून शिकलो. सगळे अनोळखी.

खडीवाला

असोसिएशन वेगळी, ग्रुप वेगळा. मापं ठरवणाऱ्यांनी स्वतः चाकं घासली होती. ग्रुपात ज्याने उभ्या जन्मात एक डबा जोडला नाही तो सगळ्यात लांब प्रतिसाद लिहितो.

आणि ते ज्ञान टिकतं तरी कुठे? २०१७ मध्ये एका मोठ्या फोटो साठवणाऱ्या साइटने अचानक बाहेर फोटो दाखवायचे वर्षाला ३९९ डॉलर मागितले आणि जगभरच्या "असं करा" धाग्यांतले फोटो एका रात्रीत गेले. खाली मजकूर तेवढा उरला: "चित्रात दाखवल्याप्रमाणे वायर वाकवा." कसलं चित्र? 'मॉडेल रेलरोडर' मासिक १९३४ पासून निघतंय, त्याचा जुना अंक आजही कपाटातून काढून वाचता येतो.

लोकोताई_लातूर

पुण्यात बसून कोथरूडचं उदाहरण देणं सोपं आहे दादा. इथे रूळ जोडायची एक पिन घ्यायची तरी कुरिअरची वाट बघावी लागते.

माझं सेकंडहँड इंजिन चालताना लंगडायचं. सरळ रुळावरसुद्धा टक, टक, टक. मोटर काढली, तेल घातलं, चाकं पुसली. तेच. शेवटी वीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. एका काकांनी नुसता आवाज ऐकून लिहिलं, "ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर तडकलाय. दोन दात लांब गेलेत, तिथे आला की उडी मारतो. चाकजोडी काढून भिंगाखाली धर." धरली. केसाएवढी तड, अगदी दोन दातांच्या मधे. त्यांनीच सांगितलं की गोंदाने चिकटवू नको, पुन्हा फाकतो, आणि कुठल्या मापाचा गिअर बसेल तेही. आता मुंगीच्या पावलाने चालवलं तरी गचका नाही.

मासिकाच्या अंकाला आवाज ऐकवता येतो का?

रॉकेल_डेपो

दोन्ही बाजूंना थोडं टोचणार आहे.

रूळ पुसायला काय वापरायचं? वर्षानुवर्षं एकच उत्तर होतं, आयसोप्रोपिल अल्कोहोल. मग २०१९ च्या सुमारास एका ऑनलाइन मासिकातून वाद पेटला की अल्कोहोल पोलर आहे (रेणूची एक बाजू किंचित प्लस, दुसरी मायनस), ते पुसल्यावर चाक आणि रूळ यांच्यामधल्या बारीक ठिणग्यांनी काळा थर लवकर धरतो. पोलर नसलेलं काही वापरा, मिनरल स्पिरिट किंवा चक्क रॉकेल. डायइलेक्ट्रिक स्थिरांकांची, म्हणजे कुठला द्रव किती पोलर त्या आकड्यांची, यादी फिरली, अल्कोहोलचा १८ च्या पुढे, रॉकेलचा २ च्या आत. महिनाभरात अर्ध्या जगाने बाटली बदलली.

मुंबईच्या दमट हवेत मला फरक जाणवला. रूळ जास्त दिवस स्वच्छ राहतात. म्हणजे बार्शीवाल्यांचा मुद्दा खरा, कारण एरवी ही गोष्ट माझ्यापर्यंत पोचलीच नसती. पण बाटली बदलणाऱ्यांपैकी किती जणांनी एक लूप अल्कोहोलने आणि शेजारचा रॉकेलने पुसून, तेवढ्याच फेऱ्या मारून ताडून बघितलं? मला तरी फारसे दिसले नाहीत. यादी बघितली आणि निघाले. म्हणजे खडीवाल्यांचाही मुद्दा खरा.

(रॉकेल वापरणाऱ्यांनो, आधी स्लीपरच्या प्लास्टिकवर कोपऱ्यात लावून बघा, खिडकी उघडी ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत वीज चालू करू नका. आणि घरच्यांना वासाची आगाऊ कल्पना द्या.)

खडीवाला

हे रॉकेलचं एकदम पटलं. नेमकं हेच म्हणतोय मी.

ब्रेकव्हॅन

पैशाचं कोणीच बोलत नाहीये. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यातच २०२१ पासून बीआयएस प्रमाणपत्राची सक्ती. आपल्या गाड्या कस्टम्सच्या लेखी खेळणीच. बाहेरून डीसीसीचा संच मागवायचा तर मूळ किमतीकडे बघायचं आणि शुल्काकडे बघायचंच नाही.

मी काय केलं? आर्डुइनो मेगा नावाचा छोटा सर्किट बोर्ड, त्यावर मोटर शील्ड (रुळाला वीज देणारा जोडबोर्ड), त्यात डीसीसी-ईएक्स हे फुकट सॉफ्टवेअर. कंट्रोलर म्हणून मोबाइल. इंजिनात डीकोडर लागतोच, पण रुळात आज्ञा सोडणारा महागडा कमांड स्टेशनचा डबा वाचला. हे सॉफ्टवेअर छांदिष्टांनी संध्याकाळी नोकरीवरून येऊन लिहिलंय आणि अडलं की तीच माणसं उत्तर देतात.

लेआउट कॉम्प्युटरवरून चालवायचं जेएमआरआय अनेकांना माहीत असेल. तेही फुकट. त्याचे प्रमुख रॉबर्ट जेकबसन, तेव्हा बर्कलीत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. एका कंपनीने पेटंट दाखवून त्यांच्याकडे दोन लाखांवर डॉलर मागितले. प्रकरण कोर्टात गेल्यावर निघालं काय, तर याच कंपनीने जेएमआरआयच्या डीकोडर फाइली कर्त्यांची नावं काढून स्वतःच्या मालात घातल्या होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट कोर्टाने निकाल दिला की फुकट वाटलं म्हणून परवान्याच्या अटी पोकळ होत नाहीत, त्या मोडल्या तर कॉपीराइटचा भंग होतो. २०१० मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आज जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्या वकिलांच्या तोंडी हा खटला असतो. उगम कुठे, तर टेबलावरच्या आगगाड्यांत!

खडीवाला

खटला भारी आहे, माहीत नव्हता. पण त्यातही लढले ते एक प्राध्यापक. हजारो वापरणारे "आम्ही तुमच्या पाठीशी" लिहून पुन्हा आपापल्या गाड्या फिरवायला गेले असणार. घडवणारे चार-दोनच असतात, बाकी सगळे बघे. मी ग्रुपाला नावं ठेवतो ती या बघ्यांसाठी.

लोकोताई_लातूर

मग बघ्यांना कामाला लावा ना. माझ्या त्या व्हिडिओवर उत्तर देणारे काकाही वर्षभर नुसतं वाचतच होते म्हणे.

सांधेवाला_मिरज

आणि खडीवाले, त्या डब्ल्यूडीएमवाल्या पोराला तेव्हा तुम्ही काय लिहिलंत?

खडीवाला

काहीच नाही. मी ग्रुपात लिहीत नाही.

सांधेवाला_मिरज

😐

बार्शी_लाइट (धागाकर्ता)

भांडण पुरे, एक प्रस्ताव मांडतो. टी-ट्रॅक नावाची पद्धत आहे, एन स्केलची, टेबलावरच्या छोट्या तुकड्यांची. एक तुकडा ३०८ मिमी रुंद, त्यावर बसवलेला रूळ ३१० चा. दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर पुढे आलेला, त्यामुळे शेजारचा तुकडा टेकवला की रूळ खटकन जुळतात. खाली उंची जुळवायला बोल्ट. प्रत्येकाने घरी आपला एक तुकडा करायचा आणि भेटू तेव्हा जोडायचे. वन बीएचकेवाल्यांनाही जमेल, कपाटावर मावतो. पूर्ण गाडीच्या नादाला मात्र आत्ताच लागू नका. २४ डब्यांची एक्स्प्रेस एनमध्येसुद्धा सव्वातीन मीटरच्या वर जाते.

पुण्यात जमूया. खडीवाले, तुम्ही पण या. तुमची गाडी न घसरता पूर्ण फेरी मारते, असा माझा अंदाज आहे.

खडीवाला

मारते. येईन.

पण टी-ट्रॅकमध्ये शेजारच्या दोन मार्गांतलं अंतर ३३ मिमी धरतात, फार फाकलेलं दिसतं. काही जण २५ धरतात, ते खरं दिसतं. २५ ठेवणार असाल तर मी दोन तुकडे करतो.

बार्शी_लाइट (धागाकर्ता)

२५ अजिबात नाही! मी बार्शीचे डबे त्याच ९ च्या रुळावर आणणार आहे. ते एचओच्या मापाचे, रुंदीलाच २५ च्या आसपास. समोरून दुसरी गाडी आली की दोन्हींचे रंग खरवडून निघतील.

सांधेवाला_मिरज

आणि फाकलेलं कसलं? आपल्याकडे नव्या दुहेरी लाइनला दोन मार्गांतलं अंतर ५.३ मीटर धरतात. १६० ने भागा.

खडीवाला

३३.१. बरं. ३३.