गोळ्या घेतल्यानंतरचं काय विचारायचं?

नमस्कार मंडळी,
मी न्यू जर्सीत, माहेर इंदूर. तिथली एक मैत्रीण सात आठवड्यांची गरोदर होती, पहिलं मूल दीड वर्षाचं, नवरा-बायकोनं मिळून गोळ्यांनी गर्भपात करायचं ठरवलं. डॉक्टरांनी पहिली गोळी समोर घ्यायला लावली, चार घरी दिल्या, एक इंग्लिश कागद हातात ठेवला आणि पंधरा दिवसांनी या म्हणाले, बस. काल त्या चार झाल्या आणि आता तिकडे रात्रीचे दोन वाजलेत नि ती मला व्हॉट्सॲपवर विचारतेय एवढं रक्त जातंय ते बरोबर आहे का. मी आयटीवाली, मला काय कळणार? इंदूरचं कोणी यातलं असेल तर लगेच सांगा प्लीज.

---

बाई गं, पहिलं म्हणजे तिचं गाव-घर इथे अजून लिहू नकोस. या लिस्टवर निम्मे लोक राजवाड्यामागच्या गल्ल्यांतले, मैत्रीण म्हटलं तरी दोन मेलमध्ये आडनाव काढतील.

मी इंदुरातच एका नर्सिंग होममध्ये काउन्सेलिंग करते. तिला आत्ता एकच विचार, पॅड किती वेळात भरतंय. मी बायकांना मोठं पॅड हातात देते आणि सांगते, डाग पडला म्हणजे भरलं नाही, गच्च भिजलं तर भरलं. असे दर तासाला दोन, आणि लागोपाठ दोन तास, तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन कर नाहीतर रिक्षा कर पण नीघ. चक्कर येत असेल तर मोजत बसायचंच नाही. गुठळ्या जातात, पोटात कळा येतात, ते त्या औषधाचंच काम आहे. त्या चार गोळ्यांच्या दिवशी थंडी वाजते, थोडा ताप येतो, जुलाबही होतात, पण २४ तासांनंतर १००.४ च्या वर ताप असला किंवा घाण वास येत असला तर दाखवायचं. दुखण्याला आयबुप्रोफेन चालतं, अल्सर वगैरे नसेल तर. उलट काहीच गेलं नाही तरी फोन करायचा, कारण गर्भ नळीत असला तर या गोळ्या त्यावर काम करत नाहीत.

---

काकू, विषय नाजूक आहे, लिस्टवर नको होता. शिवाय नवऱ्याची सही लागते ना?
(टोरांटोहून, तुमचा जुना शेजारी)

---

भाऊ, नाही लागत. १८ च्या वरची असली तर फक्त तिची. १९७१ च्या कायद्यातच आहे, आणि लग्न न झालेल्यांना वेगळं वागवायचं नाही हे सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये सांगितलं. सही मागतात लोक अजून, ती सवय आहे. आणि नाजूक म्हणून गप्प बसतो ना, म्हणूनच बायका रात्री दोनला अमेरिकेत मेसेज करतात. खरं म्हणजे तिच्या क्लिनिकमधून तिसऱ्या दिवशी कोणी फोन करायला हवा होता. माझ्याकडे एक वही आहे, त्यात रोज कोणाला करायचा ते लिहिलेलं असतं, फोन फार तर चार मिनिटांचा, बहुतेक वेळा बाई पहिलं विचारते “आंघोळ करू का?” आणि मग हळूच खरं विचारते.

पंधराव्या दिवशी जायचंच. घरच्या प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर तीन-चार आठवडे दोन रेघा येऊ शकतात, त्यावरून घाबरू नका आणि परस्पर मेडिकलवरून परत गोळ्या आणू नका. पाळीची वाट बघू नका, आठव्या दिवशीही बीज सुटू शकतं, म्हणून पुढचं गर्भनिरोधक साधन आधीच ठरवा. रोजच्या गोळ्या लगेच सुरू करता येतात, तांबी मात्र सगळं साफ झालंय हे बघून.

---

काकू, आत्ताच बोलले. तीन तासांत एक पॅड, तेही पूर्ण नाही. झोपतेय म्हणाली. तुम्ही हे सगळं मराठीत एका कागदावर लिहून द्याल का?

---

देते. पण लिस्टवर नाही, तुझ्या मेलवर.