मदत हवी आहे: कन्सोलवरून वर गेलेल्या ओळी साठवणारं कर्नल मॉड्यूल, प्रिंटकेच्या (कर्नलच्या स्वतःच्या मेसेजच्या) ओळी निसटतात

मंडळी, नमस्कार. अंबड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या पीसीवर डेबियन १२ लिनक्स, कर्नल (लिनक्सचा गाभा) ६.१. डेस्कटॉप नाही, नुसता काळा कन्सोल. मागच्या आठवड्यात लाईट जाऊन आली आणि मशीन बूट होताना अडकलं. मूळ चूक केव्हाच स्क्रीनच्या वर निघून गेलेली. बोटं सवयीने शिफ्ट-पेजअपवर गेली, पण ढिम्म. शेवटी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, तेव्हा कुठे ती ओळ वाचता आली!

शिफ्ट-पेजअपने वर गेलेलं पाहायची ही सोय २०२० मध्ये ५.९ कर्नलमधून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच काढली, हे माहीत आहे. कोडमध्ये सुरक्षेचे बग निघाले होते आणि सांभाळणारं कोणी नव्हतं. टीमक्स, स्क्रीन हे लॉगिननंतर चालणारे टर्मिनल प्रोग्राम कृपया सुचवू नका, मला लॉगिनच्या आधीचं हवंय. (आणि आता हट्टालाही पेटलोय.)

आतापर्यंत केलेलं: रजिस्टर_व्हीटी_नोटिफायरने (कन्सोलवर काही घडलं की आपलं फंक्शन बोलावणारी कर्नलची सोय) हुक लावला. व्हीटी_प्रीराइट (अक्षर लिहिण्याआधीची सूचना) आलं, अक्षर न्यूलाइन असलं आणि कर्सर तळाला असला, की सगळ्यात वरची ओळ रिंग बफरमध्ये (भरला की जुनं बाहेर पडतं असा साठा) कॉपी करतो. २४० कॉलमची ओळ म्हणजे ४८० बाइट, २००० ओळींना साधारण ९४० केबी, तेवढी मेमरी सुरुवातीलाच व्हीमॅलॉकने घेतो. वाचायला एक मिस्क डिव्हाइस (साधी डिव्हाइस फाइल) आहे, नाव ठेवलंय ‘मागे’.

अडचण अशी की एलएस, कॅट या कमांडचं सगळं साठतं, पण कर्नलचे स्वतःचे मेसेज येतच नाहीत. आणि मला तर तेच हवेत! तपासायला नोटिफायरमध्येच पीआर_इन्फो (प्रिंटकेनेच मेसेज छापणारा) टाकला, तर प्रत्येक ओळीमागे नवी ओळ, तिच्यामागे आणखी एक. रक्तबीजच. बटण दाबून मशीन बंद करावं लागलं.

गंगापूररोडकर: नोटिफायरमधून प्रिंट करायचं नसतं हो, तो कन्सोल लॉकच्या आत चालतो. तिथे म्युटेक्सही (वाट बघताना झोपणारं कुलूप) नको, नोटिफायरची साखळी अ‍ॅटॉमिक आहे, झोपता येत नाही. स्पिनलॉक (न झोपता वाट बघणारं कुलूप) वापरा.
मूळ प्रश्नाचं: प्रीराइट फक्त युजरकडून आलेल्या लिखाणाला मिळतं. प्रिंटके वेगळ्या वाटेने येतं आणि थेट एलएफ (कर्सर पुढच्या ओळीवर नेणारं) फंक्शन बोलावतं. तिथे व्हीटी_राइट (लिहून झाल्यावरची सूचना) मिळतं, पण स्क्रोल होऊन गेल्यावर. म्हणजे तुम्ही पोचता तेव्हा ओळ गेलेली असते.

धागाकर्ता: अच्छा, म्हणजे गाडी सुटल्यावर स्टँडवर. मग कर्नलला पॅच मारण्याशिवाय इलाज नाही का?

गंगापूररोडकर: आहे की. वरच्या ओळीची एक प्रत आणि कर्सर कुठल्या ओळीवर होता तो आकडा, दोन्ही आधीच जवळ ठेवा. व्हीटी_राइट न्यूलाइन घेऊन आलं आणि कर्सर आधीही तळाला होता, आत्ताही तळालाच आहे, तर स्क्रोल झालंय. जवळची प्रत बफरमध्ये ढकला, नवी वरची ओळ उचलून ठेवा. व्हीटी_अपडेटलाही (स्क्रीन बदलल्याची सूचना) प्रत ताजी करा.

पंचवटी_पेंग्विन: लांब ओळ आपोआप खाली वळते तेव्हाही स्क्रोल होतं, तिथे न्यूलाइन अक्षर नसतं. तुमच्या प्रीराइटच्या अटीत ते सुटतंय. वळताना एलएफच चालतं, त्यामुळे वरच्या युक्तीत आपोआप बसेल.
शिवाय त्या बफरात युनिकोड नसतं, फॉन्टमधल्या चित्राचा क्रमांक असतो. कन्सोल फॉन्ट जास्तीत जास्त ५१२ चिन्हांचा, त्यामुळे फाइलला मराठी नाव असेल तर ते परत मिळेल ही आशा सोडा.

धागाकर्ता: जमलं! काल रात्री प्रीराइट पूर्ण काढून टाकलं, व्हीटी_राइटवर आणलं. मॉड्यूल इनिटरामएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टीम) घातलं. ते लोड झाल्यानंतर वर गेलेल्या प्रिंटकेच्या ओळी ‘मागे’मध्ये क्रमाने दिसतात. एकच राहिलंय: लेसमध्ये (पानापानाने फाइल दाखवणारी कमांड) खाली सरकलं की त्याच्याही ओळी साठतात आणि माझ्या कामाच्या ओळी बफरातून बाहेर पडतात. त्या वेगळ्या ओळखायची कोणाकडे युक्ती आहे का?