मदत हवी आहे : कोंबड्या पाळणाऱ्यांची अंगतपंगत आमच्या खळ्यात ठरली आहे, पण मानमोडीची धास्ती वाटते

नमस्कार मंडळी,

आम्ही कुडाळजवळच्या एका वाडीत राहतो. परसात सध्या ११ कोंबड्या, २ कोंबडे आणि ६ तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या) आहेत. दोन ग्रामप्रिया या सुधारित जातीच्या सोडल्या तर सगळ्या गावठी. आमच्या आणि शेजारच्या वाडीतली मिळून १४ घरं अशी कोंबड्यांची आहेत, त्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. व्यवसाय म्हणून कुणीच करत नाही. घरची अंडी, पाहुणा आला तर एखादा कोंबडा, बस्स.

ग्रुपवर रोज सकाळी एकच प्रश्न असतो, "आज किती?" मग एकेक आकडा येतो. कुणाच्या परसात मुंगूस फिरतंय, कुणाची कोंबडी माडाच्या मुळाशी चोरून अंडी घालते आणि सापडेपर्यंत बारा झालेली असतात, कुणी पिल्लांना वाळवी कशी जमवली त्याचा फोटो टाकतं. माझ्या सासूबाईंना फोन वाचता येत नाही, पण संध्याकाळी दिवे लावून झाले की त्या माझ्याकडून सगळं वाचून घेतात. आमची भुरी कोंबडी खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या ओढीने, कोपऱ्यात बसली तेव्हा मी तिला उठवायला गेले, तर म्हणाल्या, "बसांदे गो तिका, खुडूक इली हा." मग ११ अंडी घालून रवणाला, म्हणजे उबवायला, बसवली. आज नववा दिवस. काल रात्री मोबाईलच्या उजेडावर अंडी धरून पाहिली, दोन रिकामी निघाली, नऊमध्ये शिरा दिसतात.

तर ठरलंय असं की तुळशीची लग्नं आटोपली की एका रविवारी सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. आमचं खळं, म्हणजे पुढचं अंगण, मोठं आहे म्हणून आमच्याकडे. अजून २४ दिवस आहेत. लहानमोठी धरून ३८ माणसं होतील.

मी आनंदाने हो म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. कारण गेल्या वर्षी मी आठवडी बाजारातून एक देखणा तुर्रेबाज कोंबडा आणला आणि तसाच खुराड्यात सोडला. सहाव्या दिवशी एक कोंबडी पंख टाकून बसली. मग हिरवट-पांढरी पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास, दोघींच्या माना पिळवटल्या. २३ पैकी १७ गेल्या. दहा दिवस मी आणि नवरा रोज खड्डा खणत होतो. सासूबाई चार दिवस परसात गेल्या नाहीत. भुरी त्यातून वाचलेल्या सहांपैकी एक आहे.

आता चौदा घरची माणसं चौदा परसांतून चालत माझ्या घरी येणार. काहीजणांनी आधीच "मी जोडी आणतो, तुम्ही तलंग द्या" असं सुरू केलंय. नाही म्हणायचं तर कसं म्हणू? माणसांच्या पायांतून खरंच रोग येतो का? लस घ्यायची तर कुपी किमान १०० मात्रांची मिळते, माझ्याकडे १९ पाखरं. म्हणून आजवर कुणीच दिलेली नाही, हे सांगायला लाज वाटते.

आणि एक. शेजारच्या वाडीतले काका त्यांचा मोठा कोंबडा घेऊन येतो, इथेच कापू आणि वड्यांबरोबर रस्सा करू म्हणतात. त्यांचं मन मोठं आहे. पण माझा नऊ वर्षांचा मुलगा कोंबड्यांना नावाने हाका मारतो, तो परवापासून गप्प आहे. आम्ही शाकाहारी नाही, तो स्वतः आवडीने कोंबडी खातो. तरी त्या दिवशी, त्या अंगणात, नको वाटतं.

कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, बेत रद्द करू नका. आमच्याकडे पेडण्याला आम्ही सहा घरं अशीच जमतो. पहिल्यांदा तारीख पक्की बघा. तुळशीच्या लग्नानंतर तुमच्या भागात जत्रा सुरू होतात, जवळपासच्या देवळाची जत्रा त्या शनिवारी रात्री असली तर दशावतार बघून आलेला माणूस रविवारी दुपारी जेवायला उठत नाही. संकष्टी येते का तेही पाहा, निम्मी घरं त्या दिवशी अंडंसुद्धा खात नाहीत.

जेवणाचं म्हणाल तर अंड्याचं कालवण हाच मुख्य पदार्थ ठेवा, सगळ्यांच्या घरची अंडी एका टोपात. माणशी दोन धरा. एक मात्र लक्षात असू द्या, दिवस लहान झालेत, त्यात पिसं झडण्याचा काळ, अंडी कमी पडतात. आठ दिवस आधीपासून प्रत्येक घराने रोज एक-एक बाजूला ठेवायला लागा. ताज्या अंड्यांचं साल सोलताना अर्धं पांढरं निघून येतं, आठवडाभर ठेवलेली स्वच्छ सुटतात. जमवलेली अंडी पाण्यात सोडून बघा, तळाला आडवं पडलं ते ताजं, उभं राहिलं ते जुनं पण चालेल, तरंगलं ते टाकून द्या. शाकाहारी माणसांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, त्यांची भांडी आणि पळी वेगळी.

प्रतिसाद २

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, निवृत्त झालो. तुमचं गेल्या वर्षीचं वर्णन वाचून वाईट वाटलं. लक्षणं मानमोडीचीच, म्हणजे राणीखेतची. लाज वाटून घेऊ नका. शंभराची कुपी बघून लहान घरं मागे हटतात, हे मी सगळ्या नोकरीभर पाहिलं.

पायांतून रोग येतो का, तर येतो. आजारी पाखराच्या विष्ठेत आणि लाळेत विषाणू असतो. ती चपलेच्या तळाला, अंड्यांच्या ट्रेला, डाल्याला, हाताला लागते. पण माणूस खुराड्यापर्यंत पोचलाच नाही तर त्याच्या पायाचं तुमच्या पाखरांना काही नाही. तुमच्याकडे खळं पुढे आणि परस मागे आहे, हे तुमचं भाग्य. त्या दिवशी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या नाहीत, दाणापाणी आतच. पाहुण्यांनी परसात जायचं नाही, फिरायलासुद्धा नाही. सगळ्यांना आधी सांगा की आपल्या खुराड्यात वापरता ती चप्पल घालून येऊ नका. बेड्याजवळ, म्हणजे कुंपणाच्या फाटकाशी, एक बादली साबणाचं पाणी आणि कुंचा ठेवा, चपला तिथेच घासून काढून ठेवायच्या. आधी चिखल निघाला पाहिजे, घाणीवर औषध ओतून काही होत नाही. लोक गेल्यावर खळं झाडून काढा आणि दोन दिवस कोंबड्यांना पुढे येऊ देऊ नका.

जोड्यांची अदलाबदल पूर्ण बंद. इथे मनाला मोठेपणा नको. बाहेरून निरोगी दिसणारं पाखरू रोग अंगात घेऊन येतं, तुमचा तुर्रेबाज तसाच होता. ज्याला कुणाची जात हवी असेल त्याने ती नंतर, एकट्याने जाऊन आणावी आणि किमान ३ आठवडे, जमलं तर महिनाभर, आपल्या खुराड्यापासून लांब ठेवावी. तिचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करावं.

रवणासाठी अंडी द्यायला हरकत कमी, पण ती अंडी निरोगी घरची हवीत, कारण काही रोग अंड्यातूनही पिल्लात उतरतात. अंडी धुऊ नका, मळलेली देऊ नका. आठवड्याच्या आतली बरी. पुठ्ठ्याचा ट्रे एका घरून दुसऱ्या घरी फिरवू नका, कागदात गुंडाळून द्या.

आता लस. चौदा घरं एकत्र आली आहेत, हाच तुमच्या १०० मात्रांच्या प्रश्नाचा उपाय. सगळ्यांची पाखरं मोजा. लासोटाची, म्हणजे मानमोडीवरची थेंबाची लस सगळ्यांना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक-एक थेंब. कुपी उघडून मिसळली की दोन तासांत संपवायची, तोवर बर्फात आणि उन्हाबाहेर. पहाटे पाखरं खुराड्यात असतात तेव्हा काम लवकर होतं. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी बोला, त्यांचा माणूस आला तर उत्तमच.

पण ही लस देताना रोग वाटत फिरू नका. थेंब घालणाऱ्याने खुराड्यात जायचं नाही, घरच्या माणसाने एकेक पाखरू बाहेर आणून धरायचं. ड्रॉपरचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही. प्रत्येक घरी हात साबणाने धुवायचे. ज्या घरात एकही पाखरू मलूल असेल ते घर त्या दिवशी वगळा, आजारी पाखराला लस द्यायची नसते.

प्रतिसाद ३

वरचे दादा बोलले त्यात एक भर. मी मूळचा नंदुरबार जिल्ह्यातला. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लहान घरांच्या कोंबड्यासुद्धा गेल्या. म्हणून एकदम बरीच पाखरं मेली किंवा कावळे मरून पडलेले दिसले तर मानमोडीच असेल म्हणून घरातल्या घरात ठेवू नका. मेलेलं पाखरू उघड्या हाताने उचलू नका, दवाखान्यात कळवा. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ग्रुपवर सगळं लिहिलं, जोड्यांचंही. मला वाटलं होतं दोघं-तिघं रागावतील. उलट तिघांनी सांगितलं की त्यांच्याकडेही गेल्या वर्षी तसंच झालं होतं, त्यांनी कुणाला बोललंच नव्हतं. एकीने तर खुराडंच मोडून टाकलं होतं, यंदा पुन्हा बांधलं.

पाखरं मोजली, १६८ भरली. म्हणजे दोन कुप्या. वाडीप्रमाणे दोन गट केले तर दोन तासांत होईल असं वाटतं.

दादा, अजून एक विचारते. भुरीची पिल्लं १२ दिवसांनी निघतील. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लस देतात असं वाचलं. मग मोठ्यांची लस तेव्हाच एकत्र दिली तर एक कुपी वाचेल ना?

प्रतिसाद २, पुन्हा

नको. तुमचा हिशेब पैशाने बरोबर, दिवसांनी चुकीचा. लस दिल्यावर अंगात ताकद यायला साधारण दोन आठवडे धरावे लागतात. पिल्लांसाठी थांबलात तर मोठ्यांची लस पंगतीच्या जेमतेम आठवडा आधी होईल. मोठ्यांना येत्या रविवारीच द्या, म्हणजे तीन आठवडे मिळतात. पिल्लांसाठी त्यांच्या वेळेला वेगळी कुपी उघडा आणि उरलेली मात्रा उकळून पुरून टाका. ९ पिल्लांसाठी ९१ मात्रा फुकट गेल्या म्हणून जिवाला लावून घेऊ नका. तोवर ग्रुपवर विचारा, आणखी कुणाकडे रवण असेल तर त्याच सकाळी त्याचीही पिल्लं होतील.

आर२बीची सुई, म्हणजे मानमोडीवरचीच टोचायची लस, कुणी सुचवली तर आता घाईने टोचू नका. ती ८ आठवड्यांपुढच्या, आधी लासोटा झालेल्या पाखरांना. अंड्यावरच्या कोंबड्यांना टोचली की अंडी घटतात. ती कधी द्यायची ते दवाखान्यात ठरवून घ्या.

पंगतीच्या दिवशी पिल्लं बारा दिवसांची असतील. मुलं हातात मागणार. देऊ नका, कितीही रडली तरी. फोटो काढून दाखवा.

कोंबड्याबद्दल काकांना असं सांगा : कोंबडा शिजून यावा, जिवंत येऊ नये. त्यात त्यांचा अपमान नाही. दुसऱ्या परसातलं जिवंत पाखरू तुमच्या अंगणात येणं, त्याचं रक्त, पिसं, आतडी तिथे पडणं हेच आपण टाळतोय. त्यांनी आपल्या घरी कापावा, पिसं-आतडी खोल पुरावी आणि रस्सा टोपातून आणावा. गावठी मोठा कोंबडा निवांत शिजायला वेळही घेतो, घरच्या चुलीवर तो आदल्या रात्रीच होईल. जेवणानंतरची हाडं आणि खरकटं कोंबड्यांना घालू नका, ते पुरा. सवयीने हात तिकडे जातो.

प्रतिसाद १, पुन्हा

३८ माणसांच्या सोलकढीला आम्ही आठ मोठे नारळ घेतो. कोकमाचं आगळ घरचं असेल तर रंग छान येतो. कढी आयत्या वेळी काढा, दुपारच्या उन्हात फार थांबत नाही.

मूळ धागाकर्ती

काकांना आज संध्याकाळी जाऊन भेटले. दारातच थांबले, चप्पल बाहेर. सगळं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "गेल्या वर्षी माझी आठ गेली. मी कोणाक बोललंय नाय." रस्सा ते आदल्या रात्री करून आणणार आहेत. त्यांच्या खुराड्यापर्यंत मी गेले नाही, त्यांनी लांबून कोंबडा दाखवला. खरोखरच राजबिंडा आहे.

घरी येऊन मुलाला सांगितलं की आपल्या खळ्यात कुणी कोंबडा कापणार नाही. त्याने लगेच विचारलं, "मग बेड्याजवळ चपला कोण घासणार?" ते काम त्याने स्वतःकडे घेतलंय, दोन जुने कुंचे शोधून ठेवलेत.

रविवारी पहाटे साडेपाचला लस. दवाखान्यातून एकजण येतो म्हणालेत, बर्फाचा थर्मास आमचा. वाटाण्याची उसळ माझ्याकडे, आंबोळ्या तीन घरांत वाटून दिल्या, कालवणासाठी अंड्यांची यादी ग्रुपवर लावली आहे. रोजच्या "आज किती?" पुढे आता प्रत्येकजण लिहितो, "एक पंगतीचं." आज अशी १४ जमली.

भुरी दिवसातून एकदाच उठते, पाणी पिऊन परत जाते. सासूबाई तिच्या डाल्याजवळ कुणाला जाऊ देत नाहीत, मलासुद्धा.