केरव्यातलं भावगीत फिंगरस्टाइलवर: अंगठा चुकतो, अंतऱ्यात खर्ज गायब होतो

सहातारी_नागपूर:
नमस्कार मंडळी. एक जुनं भावगीत गिटारवर फिंगरस्टाइलनं (नखीशिवाय, बोटांनी तारा छेडून) बसवून राहिलो आहे. पट्टी काळी एक (सी शार्प), ठेका केरवा (आठ मात्रांचा), लय मध्यम. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून सी च्या आकारात वाजवतो. कॉर्ड धरून स्ट्रमिंगवर गाणं पूर्ण येतं, अडचण आहे ती चाल आणि खर्ज (जाड तारांवरचे खालचे सूर) एकत्र वाजवण्यात.

अंगठा पाचवी-चौथी-पाचवी-चौथी तार (सहावी सगळ्यात जाड) असा सारखा चालवला की गाणं बँडच्या मार्चसारखं ऐकू येतं. तो थांबवला की सगळं पोकळ. अंतरा तार सा पर्यंत चढतो, तिथे डावा हात सातव्या-आठव्या फ्रेटवर जातो आणि खाली सी चा खर्ज धरायला बोटच उरत नाही. शिवाय "गरे" अशी छोटी मुरकी (ग वरून झटकन रे) आहे, ती दोन तारांवर तुटक पडते. नेटवरचा टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट ते दाखवणारं लिखाण) आहे, पण त्यात फक्त सूर आहेत, ठेका नाही. कुठून सुरुवात करू?

खर्जाची_तार:
भाऊ, मार्चसारखं वाटण्याचं कारण अंगठ्यातच आहे. पाचवी-चौथी आलटून पालटून वाजवायची पद्धत अमेरिकन लोकसंगीताच्या गिटारची. तिथे आठ मात्रांपैकी १, ३, ५, ७ या चारही जागी सारखा खर्ज पडतो. केरव्यात तसं होत नाही. ठेका तोंडानं म्हणून बघा:

धा गे ना ती । ना क धी न

डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) घुमतो तो १ ला (धा), २ ला (गे) आणि थेट ७ ला (धी). ३ ते ६ डग्गा घुमतच नाही, ६ ला तर "क" हा बंद बोल आहे. अंगठ्यानं डग्ग्याचं काम करायचं, एवढं एक धरलं की गाणं भावगीतासारखं डोलायला लागतं.

सी कॉर्डवर असं बसवा. १ ला पाचवी तार तिसरा फ्रेट, भरदार. २ ला चौथी तार दुसरा फ्रेट, निम्म्या जोरात. ३, ४, ५ ला अंगठा हवेत. तर्जनी तिसऱ्या तारेवर आणि मधलं बोट दुसऱ्या तारेवर भरणा करतील, तोही चाल थांबलेली असेल तरच. ६ ला उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ खर्जाच्या तारांवर अलगद टेकवा, म्हणजे १ पासून घुमणारा सूर तिथे बंद होईल. ७ ला परत चौथी तार, ८ मोकळी. सगळ्यात जास्त चुकतं ते ६ वर. तळवा जोरात आपटला तर वरची चालही मरते, म्हणून स्पर्श फक्त सहाव्या-पाचव्या-चौथ्या तारेपुरता ठेवा.

सरावाचा क्रम महत्त्वाचा. आधी चाल अजिबात नको. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक मात्रा, फक्त अंगठा आणि तळवा, आणि तोंडानं बोल. हे बोलत-बोलत न चुकता २० आवर्तनं (आठ मात्रांचे फेरे) झाली की चालीतला फक्त समेवरचा (पहिल्या मात्रेवरचा) सूर जोडा, १ ला अंगठा आणि अनामिका एकत्र चिमटीसारखी. मग ५ वरचा सूर जोडा. मधले सूर सगळ्यात शेवटी. पूर्ण ओळ पहिल्या दिवसापासून वाजवायला गेलात तर अंगठा चालीच्या लयीला चिकटतो आणि ती सवय मोडायला दुप्पट वेळ जातो.

एका ठोक्याला दोन मात्रा करायची घाई नको. एका मात्रेचा ठोका ११० पर्यंत नीट आला की ५५ वर दोन मात्रा आपोआप बसतात, लय तीच असते.

मोहोर_धरमपेठ:
वरचं सगळं बरोबर. अंतऱ्याबद्दल लिहिते, कारण तिथे बोटांपेक्षा कॉर्डच्या आकाराची निवड जास्त कामाची.

सी च्या आकारात सूर असे आहेत: सा दुसऱ्या तारेवर पहिला फ्रेट, रे तिसरा, ग पहिली तार मोकळी, म पहिला, प तिसरा, ध पाचवा, नी सातवा, तार सा आठवा. प पर्यंत सी कॉर्ड धरून करंगळी पुरते. ध ला ए मायनर बसत असेल तर पाचवी तार मोकळी मिळते, हात मोकळा. खरी कसोटी नी आणि तार सा. नी ला जी कॉर्ड हवी असेल तर सहाव्या तारेचा तिसरा फ्रेट विसरा. चौथ्या तारेचा पाचवा फ्रेट हाही जी च आहे, तो तर्जनीनं आणि नी अनामिकेनं. तार सा ला तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट म्हणजे सी, तर्जनी पाचव्यावर आणि करंगळी आठव्यावर. खर्ज अजून खाली हवाच असेल तर सहावी तार मोकळी सोडा. तो सी कॉर्डचा गंधार आहे, एखाद-दुसऱ्या मात्रेला छान लागतो. मुक्कामाच्या समेला मात्र नको, गाणं अधांतरी राहतं.

पण मला विचाराल तर या गाण्याला डी चा आकारच योग्य. सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, सहावी आणखी एक पूर्ण सूर उतरवा. कॅपो काढून टाका. आता डी धरलात की कानाला काळी एकच येते. फायदा असा की सहावी आणि चौथी मोकळ्या वाजल्या की सा, पाचवी मोकळी वाजली की प. तानपुऱ्यासारखा आधार कायम खाली, आणि डावा हात वर कुठेही हिंडायला मोकळा. सा दुसऱ्या तारेवर तिसरा फ्रेट, रे पहिली मोकळी, ग दुसरा, म तिसरा, प पाचवा, ध सातवा, नी नववा, तार सा दहावा. अंतरा जणू एका तारेवर वाजतो, मींड घसरवून घेता येते.

एक अट. तारा सैल होतात, त्यामुळे दहाचा सेट (पहिली तार ०.०१० इंच) असेल तर सहावी तार खडखडेल. ०.०१२ इंचाचा सेट लावा. अर्धा सूर उतरवल्यानं बोटांवरचा ताण फार वाढत नाही.

"गरे" बद्दल: ग मोकळ्या तारेवर आणि रे दुसऱ्या तारेवर असेल तर मुरकी तुटणारच. सी च्या आकारात ग दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर घ्या, करंगळीनं, आणि तिसऱ्यावर तर्जनी आधीच ठेवलेली. एकदाच छेडा, करंगळी जमिनीच्या दिशेनं ओढून सोडा, रे आपोआप वाजेल. खर्जाचा सी मधल्या बोटानं. डी च्या आकारात पहिल्या तारेचा दुसरा फ्रेट ओढून मोकळी सोडली की झालं, आणखी सोपं.

आणि कॉर्ड दर सुराला बदलू नका. एका आवर्तनाला एक, ओळ जिथे टेकते तो सूर पाहून. गाण्यात तीव्र म येत असेल तर त्या ओळीत शुद्ध म असलेली कॉर्ड टाळा. सी च्या आकारात ती एफ. दोन मध्यम एकमेकांना खातात. तिथे डी मेजर चालते, किंवा सरळ सा-प चा आधार धरून राहा.

नखी_नको:
चाल वर उठून दिसत नसेल तर अनामिकेनं छेडल्यावर बोट पुढच्या जाड तारेवर टेकू द्या, हवेत उचलू नका. भरण्याची बोटं मात्र हवेतच. एवढ्यानं चालीचा आवाज स्पष्ट वेगळा होतो. नख बोटाच्या टोकापुढे १ ते २ मिलिमीटर, त्याहून जास्त नको. आधी ६०० चा आणि मग १००० च्या वरचा पॉलिश पेपर लावा. खरखरीत कड स्टीलच्या तारेवर किचकिच करते.

सहातारी_नागपूर:
डी चा आकार लावून पाहिला, अंतरा खरंच मोकळा झाला. डग्ग्याचं गणितही पटलं. पण आता सूर टिकून नाही राहिले. संध्याकाळी कूलरसमोर लावलेलं दुपारी उतरलेलं असतं, आणि बाराव्या फ्रेटपाशी तारा अचानक उंच वाटून राहिल्या. गिटारच खराब आहे का?

लाकूडकाम_विदर्भ:
गिटार बहुधा ठीक आहे, जागा चुकीची आहे. कूलरच्या गार झोतात तारा आकसतात आणि सूर चढतो. तिथे लावलेली गिटार दुपारच्या उकाड्यात नेली की तारा सैलावतात आणि उतरते. ही झाली तासाभराची गोष्ट. दुसरी हळू होते: कूलरची ओली हवा लाकडात मुरते, पुढची फळी फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा उंच होतात. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) दिवसा बाहेर कोरडं ठक्क आणि खोलीत दमट, असं रोज खालीवर झालं की फळीचं भलं होत नाही.

पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लाकडाला मानवते. छोटा डिजिटल आर्द्रतामापक कठीण केसमध्येच ठेवा. वाजवून झालं की गिटार केसमध्ये, भिंतीला टांगलेली नको. वाजवायला बसताना झोतापासून बाजूला बसा आणि १५ मिनिटं गिटार खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग लावा. उन्हात उभ्या बंद गाडीत ती पाच मिनिटंही ठेवू नका, डिंक मऊ होऊन ब्रिज सुटतो.

उंची मोजा: बाराव्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत. सहाव्या तारेला सुमारे २.५ आणि पहिलीला २ मिलिमीटर असेल तर काही करायचं नाही. ३ च्या वर गेली असेल तर आधी आठवडाभर केसमध्ये ठेवून पुन्हा मोजा. सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासायची घाई नको, कारण कोरड्या दिवसांत फळी बसली की त्याच तारा फ्रेटवर खडखडतील आणि घासलेलं परत येत नाही. बाराचा सेट नवा लावला असेल तर नेकचा बाक वाढल्यानंही थोडी उंची वाढते. पहिला फ्रेट आणि चौदावा फ्रेट एकाच वेळी दाबून सातव्यापाशी फट बघा. पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षा जास्त असेल तर नेकमधला रॉड पाव फेरा आवळा, एका वेळी त्याहून जास्त नाही, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी.

खर्जाची_तार:
एक राहिलं. तारा उतरवून लावताना नेहमी लागणाऱ्या सुराच्या खाली नेऊन मग वर चढवत आणा. वरून खाली सोडत आणलेली तार खुंटीच्या दातांत सैल राहते आणि दोन ओळींत उतरते. सहावी तर नक्कीच.